फोटो व पत्रिका परत

विवाहविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवताना एका पानावर तीन-चार गोष्टी ठरवाव्या लागतात. फोटो सर्वांना दिसावा की फक्त ज्यांना होकार कळवला त्यांना, फोन नंबर कोणाला मिळावा, पूर्ण नाव दिसावे की नुसती आद्याक्षरे, आणि आपण कोणाचे पान उघडून पाहिले हे त्याला कळावे की नाही. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांत हेच प्रश्न दीडशे वर्षे आधीपासून सुटत आले आहेत, फक्त ते सोडवणारी माणसे वेगळी होती. कधी मध्यस्थ, कधी गुरुजी, कधी वृत्तपत्राच्या जाहिरात खिडकीवरचा कारकून, कधी वधू-वर सूचक मंडळाच्या वहीजवळ बसणारे निवृत्त गृहस्थ. ज्याची माहिती असे, त्याला विचारण्याची पद्धत मात्र बऱ्याच उशिरा आली.

स्थळाच्या माहितीचा सर्वांत जुना कागद म्हणजे जन्मपत्रिका. तिच्यात जन्माची तारीख, वेळ आणि गाव, वडिलांचे नाव, गोत्र, रास, नक्षत्र, गण, नाडी इतके सगळे एका जागी असते. ही पत्रिका घरातल्या ट्रंकेत असे आणि लग्नाचे वय झाले की तिची नक्कल बाहेर पडे. नक्कल हाताने करावी लागे. त्यामुळे एका वेळी दोन-तीन नकला फिरत, आणि कोणती कोणाकडे गेली हे घरात तोंडपाठ असे. न जमल्यास पत्रिका परत करायची हा शिष्टाचार होता. पुढे फोटोग्राफीचे स्टुडिओ आले, मुलीचा पूर्णाकृती फोटो काढून घेण्याची पद्धत पडली, आणि नकाराच्या पत्रात एक वाक्य कायमचे बसले: फोटो व पत्रिका परत पाठवत आहोत. फोटोची प्रत काढायला पैसे पडत, म्हणून त्यात काटकसर होतीच. पण परक्या घरात आपल्या मुलीचा फोटो राहू नये, ही भावना त्याहून मोठी होती. फोटो परत आला नाही तर माणसे पुन्हा पत्र घालत, मध्यस्थाला टोचत.

नकाराचे कारण मात्र कधी लिहीत नसत. ‘पत्रिका जमत नाही’ एवढेच कळवले जाई. मुलगी सावळी वाटली, मुलाचा पगार तुटपुंजा वाटला, घरात वेडसर काका आहे असे कानावर आले, काहीही असले तरी दोष ग्रहांवर जाई. दोन्ही घरांना हे ठाऊक असे आणि कोणी उलट विचारत नसे. समाजाने आपणहून तयार केलेले इतके सभ्य झाकण दुसरे क्वचितच सापडेल. दोन घरे एकाच वाडीत राहत असली तर या झाकणाची किंमत विशेष कळे.

कारण वाडीत झाकण्यासारखे काही उरतच नसे. मुगभाट, फणसवाडी, झावबाची वाडी, कांदेवाडी या भागांतल्या चाळींत लांब सज्जा आणि त्यावर उघडणाऱ्या एकामागोमाग एक खोल्या, अशी रचना होती. दारे सकाळी उघडत ती रात्री बंद होत. मुंबई विकास खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली जेमतेम १६० चौरस फुटांची होती. मुलगी बघायला येणारे जिना चढू लागले की पहिल्या मजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ती बातमी त्यांच्या आधी पोचे. पोह्यांसाठी कपबशा शेजारून येत, बसायच्या खुर्च्या समोरच्या खोलीतून. पाहुणे गेल्यावर शेजारणी कपबशा न्यायला येत, तेव्हा काय ठरले हे विचारण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळालेला असे. ज्यांना हे टाळायचे असे ते कार्यक्रम मामाच्या किंवा आत्याच्या घरी ठेवत. दुसरा उपाय देवळाचा. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला किंवा बाबुलनाथला मुलगी आईबरोबर यावी आणि मुलाकडच्यांनी तिला लांबून पाहून घ्यावे, असे ठरे. यात मुलीला कधी सांगत, कधी सांगत नसत. आपल्याला कोणी पाहून गेले हे तिला कळायचे ते घरी परतल्यावर, किंवा मुळीच नाही.

टपालाने माहितीला नवा रस्ता दिला आणि तो दोन प्रकारचा होता. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, किंमत एक पैसा. पोस्टकार्ड स्वस्त, पण उघडे. पोस्टमनपासून जिन्यात खेळणाऱ्या पोरापर्यंत कोणीही ते वाचू शके. म्हणून कार्डावर काय लिहायचे आणि पाकिटात काय घालायचे याची एक विभागणी आपोआप झाली. ‘आपले पत्र पावले, येत्या रविवारी येत आहोत’ हे कार्डावर चाले. पत्रिका, देण्याघेण्याची बोलणी, मुलाच्या प्रकृतीची चौकशी पाकिटात जाई. मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, शुभकार्याच्या पत्राला कोपऱ्यात हळदकुंकू लागे. म्हणजे मजकूर न वाचताच तो कोणत्या जातीचा आहे हे सज्जातल्या सर्वांना कळे. स्वतंत्र भारतात १९५० मध्ये आंतर्देशीय पत्र आले आणि कमी पैशांत चिकटवून बंद करता येणारा कागद मिळाला. स्थळांचा पत्रव्यवहार पुढची कित्येक वर्षे या निळ्या कागदावर झाला.

छापील कागदावर नाव येणे ही मात्र वेगळीच गोष्ट होती. तिची किंमत किती पडू शकते हे मुंबईने १८६९ मध्ये पाहिले. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने विधवाविवाहाचा पुरस्कार करणारी मंडळी मुंबईत उभी राहिली होती. त्या वर्षी वेणूबाई या बालविधवेचा पांडुरंग विनायक करमरकर यांच्याशी पुनर्विवाह झाला. ज्या पुढाऱ्यांच्या नावाने निमंत्रणपत्रिका निघाली त्यांच्यावर बहिष्कार पडला. लग्नाला गुपचूप हजर राहणे, खासगीत पाठिंबा देणे आणि निमंत्रणावर नाव छापू देणे यांतला फरक त्या वेळच्या माणसाला नीट समजत होता. बहिष्कार घालणाऱ्यांना यादी शोधावी लागली नाही, ती छापूनच हातात आली होती.

नाव झाकून बोलण्याचा मोठा दाखला १८८५ चा आहे. त्या वर्षी जून आणि सप्टेंबर महिन्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे आली. खाली सही एवढीच: एक हिंदू स्त्री. पुढे ही लेखिका रखमाबाई असल्याचे जाहीर झाले. बालपणी लागलेल्या लग्नाचा हक्क सांगत दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा लावला होता. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा निकाल लागला. दावा तडजोडीने मिटला तो १८८८ मध्ये, आणि रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. कोर्टाच्या कागदांत त्यांचे नाव, वय, घरची परिस्थिती सगळे उघडे पडले होते. पत्रे लिहिताना तेवढे तरी झाकून ठेवणे त्यांच्या हातात होते.

वृत्तपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींनी हेच तत्त्व व्यवहारात आणले. जाहिरातीत नाव-पत्ता न देता बॉक्स नंबर देण्याची सोय असे. जाहिरातदार खिडकीवर मजकूर देई, शब्दांचे पैसे भरी, बॉक्सचे थोडे जादा भरी आणि पावती घेई. येणारी उत्तरे कचेरीच्या पत्त्यावर येत, पाकिटावर बॉक्स क्रमांक लिहिलेला असे, आणि ती त्या क्रमांकाच्या खणात जमा होत. पावती दाखवून ती न्यायची किंवा कचेरी ती पोस्टाने पुढे धाडी. ‘लोकसत्ता’ १९४८ मध्ये निघाला, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ मध्ये. मुंबईच्या मराठी घरांत रविवारच्या अंकातली ही बारीक टाइपातली पाने पेन्सिल घेऊन वाचली जात. दर शब्दामागे पैसे असल्याने भाषा आक्रसून गेली: सुस्वरूप, निर्व्यसनी, गृहकृत्यदक्ष, पत्रिका व फोटोसह लिहा. ‘मुंबईत स्वतःची जागा’ या तीन शब्दांना बाकी सगळ्या जाहिरातीइतके वजन होते. ती जागा पागडीची एक खोली असली तरी.

बॉक्स नंबरात एक तिरपेपणा होता. जाहिरात देणारा पूर्ण झाकलेला आणि उत्तर देणारा पूर्ण उघडा. उत्तर देणाऱ्याने नाव, पत्ता, पगार, फोटो, पत्रिका असे सगळे अनोळखी खणात टाकायचे, आणि पलीकडे कोण आहे हे त्याला कळेलच असे नाही. पलीकडचे घर ओळखीचे निघाले, आपल्याच नात्यातले निघाले, तर पंचाईत होई. शिवाय नकोशा स्थळांना उत्तर देण्याचे बंधन बॉक्सवाल्यावर कोणी घातले नव्हते. परत पाठवण्याचा शिष्टाचार पहिल्यांदा ढिला पडला तो इथे.

परळ-लालबागकडे चित्र वेगळे होते. गिरणीत काम करणारे बहुतेक पुरुष रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरकडून एकटे आलेले. १९२१ च्या सुमारास मुंबईत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे हे लोक लग्नासाठी गावी जात, आणि सोयरीक गावीच जुळे. पण मुलाची चौकशी मुंबईत होई. प्रत्येक गावाचे मुंबईकर मंडळ असे, गावकीची खोली असे. मुलगा कोणत्या खात्यात आहे, खाडे किती करतो, पिण्याचा नाद आहे का, पगार गावी धाडतो का, हे त्या खोलीतल्या वडीलधाऱ्यांना विचारले जाई. ही माहिती कुठे लिहिलेली नसे आणि तिच्यात खोटे सांगणे कठीण होते, कारण सांगणाऱ्याची स्वतःची पत तिच्यावर लागलेली असे. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि पुढे गिरण्या एकेक करून थंडावल्या. खोल्या विकल्या गेल्या, माणसे विरारपासून डोंबिवलीपर्यंत विखुरली, आणि तोंडी चौकशीचे हे जाळेही विरले.

गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गात अशा चौकशीचे काम वधू-वर सूचक मंडळे करत. बहुतेक ज्ञातींच्या संस्थांनी किंवा महिला मंडळांनी चालवलेली. संध्याकाळी दोन तास किंवा रविवारी सकाळी उघडणारी, शाळेच्या वर्गात किंवा संस्थेच्या सभागृहाला लागून असलेल्या खोलीत बसणारी. व्यवस्था साधारण सगळीकडे सारखी. छापील फॉर्म भरायचा, वर्षाचे शुल्क द्यायचे, फोटो चिकटवायचा, नोंदणी क्रमांक घ्यायचा. मुलांची फाइल वेगळी, मुलींची वेगळी. मुलीच्या बापाने मुलांची फाइल मागायची, टेबलाशी बसून पाने उलटायची आणि जुळेल असे वाटले तर घरून आणलेल्या वहीत पेन्सिलीने उतरवून घ्यायचे. फाइल खोलीबाहेर न्यायची नाही. कित्येक ठिकाणी फाइलमध्ये पत्ता नसेच. क्रमांक सांगितल्यावर टेबलापलीकडचे गृहस्थ दुसऱ्या वहीतून पत्ता काढून देत, आणि तो कोणाला दिला याची नोंद करून ठेवत.

ही दुसरी वही म्हणजे साऱ्या व्यवस्थेची मेख. फाइल चाळण्याचा हक्क ज्याने स्वतःचा फॉर्म भरला त्यालाच होता. पाहायचे असेल तर आधी स्वतःला दाखवा, असा तो नियम. शिवाय पाहणारा समोर बसलेला असे, त्याला चेहरा होता. एखादा गृहस्थ दर आठवड्याला येऊन मुलींचे फोटोच निरखत बसतो आणि पत्ता एकही मागत नाही, हे टेबलापलीकडून दिसे आणि त्याची फाइल हलकेच काढून घेतली जाई. लग्न ठरले की घरचे पेढे घेऊन येत, आणि त्या नोंदीवर लाल शाईची तिरपी रेघ पडे: जमले. फोटो सोडवून परत दिला जाई.

मंडळांची उणीवही तिथेच होती. ज्याच्या लग्नाचा प्रश्न त्याने फॉर्म भरला असेलच असे नाही. मुलींच्या फॉर्मवर बहुधा वडिलांची सही असे. तिचे वजन, चष्म्याचा नंबर, कोड आहे का, आधीचे ठरलेले लग्न मोडले आहे का, हे सारे पन्नास अनोळखी बापांनी वाचले, तरी तिला त्याबद्दल काही म्हणायची सोय नव्हती. ज्ञातीबाहेरच्या माणसाला फाइल दिसत नसे, हे माहितीचे रक्षण म्हणून सांगितले जाई. प्रत्यक्षात ते जातीचे रक्षण होते. पुण्यात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या अनुरूप विवाहसंस्थेसारख्या संस्थांनी आणि सर्व ज्ञातींसाठी खुल्या असलेल्या काही मंडळांनी हे दार थोडे किलकिले केले. वधू-वर मेळाव्यांनी निदान मुलामुलींना स्वतः बोलायला लावले. दादरच्या एखाद्या सभागृहात माइकसमोर उभे राहून आपले नाव, शिक्षण, पगार आणि अपेक्षा तीनशे माणसांना ऐकवायच्या, हा अनुभव कोणाला सुखाचा वाटला असेल असे नाही. मेळाव्याची पुस्तिका छापत, तीत सगळ्यांचे पत्ते असत, आणि वर्षभराने ती रद्दीत जाई.

पत्त्याशेजारी फोन नंबर येऊ लागला तेव्हा तो बहुधा स्वतःचा नसे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्येच सुरू झाले होते. तरी चाळीतल्या माणसाला फोन मिळायला पुढच्या शतकाच्या अखेरीपर्यंत वर्षानुवर्षे रांगेत राहावे लागे. म्हणून फॉर्मवर आणि लग्नपत्रिकेवर नंबरापुढे ‘पीपी’ लिहीत. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. मुलाकडचा होकार किंवा नकार आधी शेजारच्या काकू ऐकत, मग सज्जातून हाक मारत. महानगर टेलिफोन निगम १९८६ मध्ये स्थापन झाले. पुढच्या दशकात घरोघर फोन आले तसे पीपी मागे पडले, आणि जाड डिरेक्टरीत वर्णानुक्रमे नाव, पत्ता आणि नंबर छापून सर्वांना वाटले जाऊ लागले. त्याबद्दल फारशी तक्रार ऐकू आली नाही. डिरेक्टरीत नाव असणे ही तेव्हा मिरवण्याची गोष्ट होती.

या सगळ्या खासगी व्यवस्थांशेजारी एक सरकारी वही सुरुवातीपासून होती, आणि ती सर्वांत उघडी होती. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी विवाह करणाऱ्यांना १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागे आणि नोटिशींची वही कोणालाही फुकट पाहता येई. या कल्पनेचे मूळ ख्रिस्ती रिवाजात आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे लग्नाआधी तीन वेळा चर्चमध्ये जाहीर घोषणा होई. १५९६ पासून दादरला असलेल्या पोर्तुगीज चर्चमध्ये किंवा खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या परिसरात ही घोषणा ऐकणारे सारे नवरानवरीला ओळखत असत. कोणाला हरकत असेल तर ती ओळखीतूनच येई. कायद्याने घोषणा उचलली, ओळख तिथेच राहिली.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने मुदत ३० दिवसांची केली. नोटिशीच्या नमुन्यात दोघांची नावे, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण, ते कायमचे नसेल तर कायमचा पत्ता, आणि तिथे किती दिवस राहणे झाले, इतका तपशील असतो. वही कोणालाही विनाशुल्क पाहता येते. शिवाय नोटिशीची प्रत कचेरीत ठळक जागी लावायची. पक्षकाराचे कायमचे राहणे त्या जिल्ह्यात नसेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे प्रत धाडायची, आणि त्यानेही ती लावायची. परळला भाड्याने राहणाऱ्या आणि कायमचा पत्ता साताऱ्याचा देणाऱ्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. घरी न सांगता लग्न करायचे तर तिची नोटीस घरच्यांच्या जिल्ह्यात फलकावर लागते. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न करणाऱ्यांना हा महिना कसा जातो ते त्यांनाच ठाऊक. त्याच जोडप्याने, दोघे हिंदू असल्यास, धार्मिक विधीने लग्न केले असते तर नोटीस, फलक, महिना यांतले काहीच लागले नसते.

नोटीस पक्षकारांच्या घरच्या पत्त्यावर पाठवू नये, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. नोटिशी संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत केरळने २०२० मध्ये बंद केली, कारण फलकापाशी जावे लागत होते तेव्हा दोन-चार माणसे वाचत आणि पडद्यावर कोणीही घरबसल्या याद्या करू शके. जोडप्याने लेखी मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करावी, असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. त्याचा आधार होता २४ ऑगस्ट २०१७ चा, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निर्णय. कायद्यातली कलमे मात्र जागेवरच आहेत.

इंटरनेट मुंबईत सामान्य ग्राहकाला १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. दशक संपण्याच्या आत विवाहविषयक संकेतस्थळे उभी राहिली होती, आणि त्यांतले ‘शादी डॉट कॉम’ मुंबईचेच. सुरुवातीला या स्थळांवर वावर परदेशातल्या मुलांच्या आईवडिलांचा. दादरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून, भाच्याला शेजारी बसवून ते पाने उघडत. मंडळाच्या फाइलमधले रकाने जवळजवळ जसेच्या तसे पडद्यावर आले: उंची, वर्ण, रास, मांगलिक आहे की नाही, उत्पन्न. बदलली ती कुलपे. फोन नंबर पैसे भरलेल्या सभासदालाच दिसू लागला. म्हणजे माहिती झाकण्याचे कारण एकाच वेळी दोन झाले, मुलीची सुरक्षितता आणि कंपनीचे उत्पन्न, आणि त्यांतले कोणते कुठे संपते हे सांगणे अवघड. फोटोला पासवर्ड लावता येऊ लागला. होकार दिल्यावरच चेहरा दिसेल अशी सोय झाली. मुलगी स्वतः आपले पान भरू लागली, कोणाला काय दिसावे हे स्वतः ठरवू लागली, आणि ही फॉर्मवर वडिलांची सही असण्यापेक्षा फार मोठी पायरी होती.

टेबलापलीकडचे गृहस्थ मात्र गेले. ‘तुमचे पान कोणी कोणी पाहिले’ ही यादी म्हणजे मंडळातल्या दुसऱ्या वहीचाच अवतार. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि भारतात तुफान चाललेल्या ऑर्कुट या समाजमाध्यमानेही ती सोय दिली होती. पण आपले येणे कोणाला दिसू नये असा पर्याय निवडता येई, तो निवडला की आपल्यालाही इतरांचे येणे दिसत नसे. फाइल चाळण्याआधी फॉर्म भरा, या जुन्या नियमाची आठवण करून देणारी ही अट होती. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. विवाहस्थळांवर खोटी ओळख घेऊन फसवणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्यावर केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: नोंदणी करताना ओळखीचा पुरावा घ्यावा, हेतू विवाहाचाच आहे असे लिहून घ्यावे, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा, खाते कुठून उघडले याची नोंद ठेवावी. वहीत सही करून घेण्याचाच हा सरकारी मसुदा.

तोपर्यंत व्यवहार पुन्हा घरगुती रस्त्यावर आला होता. आज गिरगावातून डोंबिवलीला गेलेल्या घरात स्थळ येते ते बहुधा मोबाइलवर, पीडीएफच्या रूपात. वर ‘श्री गणेश प्रसन्न’, कोपऱ्यात गणपती, उजवीकडे फोटो. खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रक्तगट, उंची, शिक्षण, कंपनीचे नाव, वार्षिक उत्पन्न, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, वडिलांचा हुद्दा, आईचे नाव, भाऊबहिणी आणि त्यांची लग्ने, मामांचे पूर्ण नाव व गाव, नातेसंबंधातली आडनावे, घरचा पत्ता, दोन फोन नंबर. यातला मामा पूर्वी घराणे ओळखण्यासाठी लागे. आता त्याच्या आडनावातून आईचे माहेरचे नाव कळते, आणि बँका खातेदाराची ओळख पटवण्यासाठी हमखास विचारत आल्या तो प्रश्न हाच. जन्मतारीख आणि मोबाइल नंबर तर शेजारच्याच ओळीत. एका मावशीने ज्ञातीच्या समूहावर टाकलेला हा कागद संध्याकाळपर्यंत पाच समूहांत जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल अशी तजवीज करणाऱ्या मुलीचा याहून मोठा फोटो त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाच्या उजव्या कोपऱ्यात फिरत असतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्याचे नियम आले त्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संकेतस्थळांवर संमती घेण्याचे, हेतू सांगण्याचे आणि मागितल्यास माहिती पुसण्याचे बंधन घातले आहे. मोठ्या चुकीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी हाताळलेली माहिती या कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. मावशी कंपनी नाही, तिचा समूह दुकान नाही. त्यामुळे तिथे अजून शिष्टाचारच चालतो. काही घरे आता बायोडेटातून पत्ता आणि उत्पन्न काढून टाकतात, फोटो मागितल्यावर वेगळा पाठवतात, कोणी फोटोवर आडवी अक्षरे छापून घेतात. लग्न ठरल्यावर समूहावर एक ओळ पडते, ‘जमले आहे, कृपया पुढे पाठवू नये’, आणि खाली अभिनंदनाची फुले येतात. चार महिन्यांनी, कधी बारशानंतरही, त्या नंबरावर फोन येतो: मुलीचे स्थळ अजून आहे का.